घटनेतले हक्क वाचवायला लोकायुक्त खरंच कामाला येतो का? (गोवा)

तेरेखोलकाठ, पेडणे:

नमस्कार मंडळी. प्रश्न लोकायुक्ताबद्दल आहे, पण आधी आमची हकीकत सांगतो नाहीतर उत्तरं भलतीकडे जातील.

आमचं घर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत, आजोबांच्याही आधीपासून. मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून नोंद व्हावी म्हणून आईने मामलेदाराकडे केस घातली तेव्हा मी शाळेत होतो, आता माझी मुलगी शाळेत जाते. मधल्या काळात मामलेदार बदलत गेले, म्हातारा भाटकार वारला, त्याची मुलं पार्टी झाली, त्यातला एक कॅनडात आहे त्यामुळे नोटीस पोचत नाही आणि नोटीस पोचत नाही म्हणून पुढची तारीख. कधी साहेब इलेक्शन ड्युटीवर, कधी साइट इन्स्पेक्शनला, कधी समोरचा वकील हजर नाही. आई सकाळची बस पकडून जाते, व्हरांड्यातल्या बाकावर बसते, आणि दुपारी कारकून बाहेर येऊन पुढची तारीख सांगतो. गेल्या पावसात पडवीचे वासे कुजून खाली आले, कौलं उतरवून निळी ताडपत्री घातलीय. पंचायतीत रिपेरीची परवानगी मागितली तर सेक्रेटरी म्हणतो भाटकाराची एनओसी आणा नाहीतर केसचा निकाल आणा.

माझा मावसभाऊ लिस्बनला असतो. त्याच्या कागदपत्रांचं काम तिथल्या एका सरकारी ऑफिसात अडकलं होतं, त्याने प्रोवेदोर द जुस्तीसा म्हणून कोणी अधिकारी आहे त्यांच्याकडे ऑनलाइन तक्रार केली. वकील नाही, फी नाही, आणि थोड्या दिवसांनी त्या ऑफिसचंच पत्र आलं याला. तो म्हणतो आपल्या गोव्यात पण लोकायुक्त आहे, त्याच्याकडे जा.

तर विचारायचं असं की हे दोन्ही एकच का? समानतेचा हक्क, जगण्याचा हक्क सगळं घटनेत लिहिलंय, पण तो मोडला तर हायकोर्टात जाण्याशिवाय दुसरी वाट आहे का, म्हणजे कोणीतरी स्वतंत्र माणूस त्या ऑफिसला जाऊन विचारेल का की बाबांनो या बाईची फाइल का अडवलीत? आणि त्याला सरकारच नेमणार असेल तर तो स्वतंत्र कसा राहणार? जाणकारांनी सांगा प्लीज.


मडगाव_ते_लिस्बन:

भाऊ, मी इथे बरीच वर्षं आहे म्हणून प्रोवेदोरबद्दल सांगतो, गोव्याचं इतर लोक सांगतील.

ही पोस्ट पोर्तुगालात १९७५ साली आली, कार्नेशन क्रांतीनंतर लगेच. इतकी वर्षं हुकूमशाही भोगून झाल्यावर लोकांना सरकारी ऑफिसवर नजर ठेवणारा कोणीतरी हवा होता. १९७६ च्या घटनेत त्याला जागाच देऊन टाकली (आज ते कलम २३), म्हणजे उद्या एखाद्या सरकारला तो नकोसा झाला तर साधा कायदा करून त्याला काढता येत नाही, घटनाच बदलावी लागेल. निवड संसद करते ती पण दोन-तृतीयांश मतांनी, त्यामुळे सत्ताधारी पक्षाला विरोधकांची मतं घ्यावीच लागतात. मुदत चार वर्षं, एकदा परत निवडता येतं, आणि मध्येच कोणी हटवू शकत नाही. तुझा प्रश्न होता ना स्वतंत्र कसा राहणार, त्याचं इथलं उत्तर हे आहे. माणूस चांगला मिळाला तर उत्तमच, पण नुसत्या चांगल्या माणसावर विसंबून राहायचं नाही म्हणून व्यवस्थाच तशी करून ठेवलीय.

आता तो करतो काय, तर तक्रार घेतो, ऑफिसकडून उत्तर मागवतो, आणि चूक दिसली तर सुधारा म्हणून शिफारस करतो. ऑर्डर काढता येत नाही त्याला, हे लक्षात ठेव, लोकांना वाटतं तो जज आहे. पण एक हत्यार त्याच्याकडे आहे ते फार मोठं आहे. एखादा कायदाच घटनेच्या विरुद्ध आहे असं त्याला वाटलं तर तो थेट घटना न्यायालयात जाऊ शकतो. २०१३ च्या बजेटमध्ये इथे काटकसर म्हणून सरकारी नोकरांचा आणि पेन्शनरांचा सुट्टीचा भत्ता कापला होता. राष्ट्राध्यक्ष गेले कोर्टात, विरोधी खासदार गेले आणि प्रोवेदोर पण गेला पेन्शनरांच्या वतीने. एप्रिल २०१३ मध्ये कोर्टाने तो भत्ता कापणं समानतेच्या विरुद्ध म्हणून रद्द केलं. मोठ्या पेन्शनवरची जादा कपात मात्र कोर्टाने तशीच ठेवली, म्हणजे सगळं काही मिळालं असं नाही. पण विचार कर, खेड्यातल्या एखाद्या पेन्शनर आजीला वकील लावून घटना न्यायालयात जाता आलं असतं का? तिच्या वतीने जाणारा माणूस घटनेनेच बसवून ठेवला होता.


डिचोली_वकील:

वरचं उत्तर छान आहे. आता गोव्याचं, आणि त्यातही तुमच्या केसचं सांगतो कारण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आपला लोकायुक्त म्हणजे प्रोवेदोर नव्हे. गोवा लोकायुक्त कायदा २०११ चा, आणि त्याचा मुख्य रोख आहे सार्वजनिक पदावरच्या माणसाने केलेला भ्रष्टाचार, पदाचा गैरवापर, पक्षपात यावर. मंत्री, आमदार, अधिकारी यांच्याविरुद्ध तक्रार येते, लोकायुक्त चौकशी करतात आणि मग कारवाईची शिफारस सरकारकडे जाते. तुमच्या केसमध्ये मामलेदार हा एक प्रकारे कोर्टासारखाच बसलेला आहे, दोन पार्ट्यांमध्ये निर्णय देणारा. अशा केसचा निकाल काय लावायचा हे लोकायुक्त सांगणार नाहीत, आणि वरती अपील किंवा कोर्टाची वाट उघडी असेल तर अशा संस्था साधारणपणे आधी तिकडे जा असंच सांगतात. पैसे मागितले, मुद्दाम एका पार्टीच्या बाजूने फाइल दाबली असा ठोस पुरावा असेल तर गोष्ट वेगळी.

मग राहिला उशीर. उशिरासाठी सरळ वाट म्हणजे हायकोर्ट, पर्वरीला. घटनेच्या कलम २२६ आणि २२७ खाली अर्ज करून ही केस अमुक महिन्यांत निकाली काढा असा आदेश मागता येतो. यात केस कोण जिंकणार यावर कोर्ट बोलत नाही, फक्त मामलेदाराला मुदत घालून देतं, त्यामुळे अर्ज लांबत पण नाही फारसा. आणि खर्चाची भीती असेल तर आईच्या नावाने गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्यात कलम १२ खाली बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. हे आपल्याकडे कित्येकांना माहीतच नसतं आणि घर गहाण टाकून वकिलाची फी भरतात, फार वाईट वाटतं बघून.

दुसरं म्हणजे घराच्या दुरुस्तीचा विषय केसच्या निकालापासून वेगळा काढा. मुंडकार कायदा १९७५ चा आहे आणि मुंडकाराच्या घराच्या दुरुस्तीबद्दल त्यात स्वतंत्र तरतूद आहे. सेक्रेटरी तोंडी काय बोलला त्याला काही किंमत नाही, लेखी अर्ज द्या, इनवर्ड नंबर घ्या आणि नकार असेल तर लेखी मागा.


निवृत्त_कारकून_फोंडा:

वकीलसाहेबांचं कायद्याचं बरोबर आहे. पण मी एका तालुका ऑफिसात नोकरी काढून रिटायर झालेला माणूस, मला आतली बाजू सांगायची आहे कारण ती कोणी सांगत नाही.

ऑफिसात कोणी उठून असं म्हणत नाही की या बाईचा घटनेतला हक्क आपण आज मोडूया. हक्क मोडतो तो गप्प राहण्यातून. अर्ज येतो, इनवर्डचा शिक्का पडतो, फाइलीत जातो, फाइल कपाटात. नोटशीटवर शेवटची सही जुनी, त्याच्याखाली कोरं. नकार दिला असता तर त्या नकारावर अपील झालं असतं, पण इथे नकारच नाही, होकार पण नाही, मग माणूस कशाविरुद्ध जाणार? घटनेतलं समानतेचं कलम १४ म्हणतं मनमानी करू नका, पण मनमानी कागदावर उतरलेलीच नसते.

अशा वेळी बाहेरच्या स्वतंत्र माणसाचं एक पत्र काय करतं ते मी टेबलावर बसून बघितलंय. लोकायुक्तांकडून किंवा मानवी हक्क आयोगाकडून पत्र आलं की टपालातून ते आधी साहेबांसमोर जायचं. साहेब लाल पेनने वर तारीख घालायचे आणि हेडक्लार्कला हाक. मग फाइल शोधली जायची, धूळ झाडली जायची, आणि पॅरावाइज रिप्लाय, म्हणजे तक्रारीतल्या एकेका मुद्द्याला उत्तर, लिहायला बसायचं. तो रिप्लाय लिहिताना प्रश्न पडायचाच की इतके महिने काही का केलं नाही याला कारण काय लिहू? बऱ्याच वेळा कारण लिहिण्यापेक्षा काम करून टाकणं सोपं पडायचं, आणि काम व्हायचं. रिपोर्ट, शिफारस वगैरे सगळं पुढचं, आधी हा असर आहे. सरकारी ऑफिसला कारण लिहून द्यायला लावणं, मला तरी ओंबड्समनचं (सरकारी ऑफिसांविरुद्धची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या स्वतंत्र माणसाचं) सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. आणि एकदा कारण लिहिलं गेलं की ते चुकीचं असलं तरी नागरिकाच्या हातात काहीतरी आलं, आता तो कोर्टात दाखवू शकतो.

पण हा धाक टिकतो कधी, तर त्या पत्राला उत्तर दिलं नाही तर पुढे काहीतरी होईल अशी खात्री असते तोवरच. आणि तिथेच आपल्या गोव्यात घात झालाय. पहिले लोकायुक्त न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी, सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, मार्च २०१३ ला आले आणि ऑक्टोबरमध्ये राजीनामा देऊन गेले. त्यानंतर खुर्ची रिकामी ती एप्रिल २०१६ पर्यंत. अडीच वर्षं! मग न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा आले, सप्टेंबर २०२० पर्यंत होते. जाताना त्यांनी सांगितलं की सार्वजनिक पदावरच्या लोकांविरुद्ध २१ रिपोर्ट दिले, त्यातल्या एकावर पण सरकारने कारवाई केली नाही. आणि असं असेल तर जनतेचा पैसा फुकट घालवण्यापेक्षा लोकायुक्त ही संस्थाच बंद करा, इथपर्यंत ते बोलले. हायकोर्टाचा मुख्य न्यायाधीश राहिलेला माणूस, साडेचार वर्षं त्या खुर्चीवर बसून असं बोलून जातो, आणि आपण गोंयकार दुसऱ्या दिवशी विसरलो. मला त्या रात्री झोप लागली नव्हती खरं सांगतो, कारण ती पत्रं काय काम करतात हे मी बघितलेलं होतं. त्यांच्यानंतर परत खुर्ची रिकामी, मे २०२१ मध्ये न्यायमूर्ती अंबादास जोशी येईपर्यंत.

ज्या ऑफिसवर देखरेख ठेवायची त्याच ऑफिसला जर कळलं की देखरेख करणारा महिनोन्‌महिने नसतोच आणि असला तरी त्याचा रिपोर्ट सचिवालयात बंद होतो, तर लाल पेन कोण उचलणार?


सांग्याची_लेक:

काका, अगदी मनातलं लिहिलंत. मी मायनिंग बेल्टमधली, आमच्याकडे हा विषय पुस्तकातला नाही.

लोकांना वाटतं मायनिंग म्हणजे फक्त पैशाचा घोटाळा. आमच्या गावात ट्रकांच्या रांगा असायच्या तेव्हा शाळेत जाणारं मूल रस्ता ओलांडू शकत नव्हतं, शेतात लाल गाळ यायचा, विहिरी आटल्या. शुद्ध हवा, पाणी हे सगळं सुप्रीम कोर्टाने कलम २१ च्या जगण्याच्या हक्कातच धरलंय. म्हणजे खाणीची लीज कशी दिली, घाईत दिली का, कोणी सही केली हा प्रश्न आमच्या घटनात्मक हक्काचाच प्रश्न होता. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा रिपोर्ट २०१२ मध्ये आला, त्याच वर्षी ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, नंतर ८८ लीज परत रिन्यू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या पण रद्द केल्या. याच ८८ लीज रिन्यूअलवर लोकायुक्तांकडे तक्रार झाली होती, २०२० मध्ये लोकायुक्तांनी चौकशीची शिफारस केली आणि सरकारने ती मानली नाही. कोर्टाने लीज रद्द करून टाकल्या पण ती देताना कोणाची काय जबाबदारी हे विचारणारा लोकायुक्त, त्याचं कोणी ऐकायचं नाही? मग आम्ही कुठे जायचं?

आता शेजारी बघा. कारवारला माझं माहेर-सासर दोन्हीकडचं गणगोत आहे, तिथे लोकायुक्त म्हटलं की लहान पोराला पण माहीत, कारण त्यांच्याकडे स्वतःचे पोलीस आहेत. लाच घेताना पकडतात, रेड घालतात. न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी जुलै २०११ मध्ये बेकायदा खाणींचा रिपोर्ट दिला आणि त्या धक्क्याने मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे खटल्यात कोण सुटलं हा कोर्टाचा विषय, मी त्यात पडत नाही, पण रिपोर्ट कपाटात गेला नाही ही गोष्ट खरी. मग काय झालं, तर २०१६ मध्ये तिथल्या सरकारने वेगळं अँटी करप्शन ब्युरो काढून लोकायुक्तांचे पोलिसी अधिकार काढून घेतले. सहा वर्षं तसं चाललं. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते ब्युरोच रद्द करून अधिकार लोकायुक्त पोलिसांना परत दिले.

म्हणून मला वाटतं नेमणूक कोण करतो यापेक्षाही तपास करणारी माणसं कोणाची हे जास्त महत्त्वाचं आहे. चौकशी करायला सरकारकडूनच उसने अधिकारी घ्यायचे, त्यांची बदली-बढती सरकारच्या हातात, मग ते कोणाच्या विरुद्ध खोलात जाणार?


तेरेखोलकाठ:

सगळ्यांचे खूप आभार, देव बरें करूं. आईला वाचून दाखवलं सगळं. कारकून काकांचं वाचताना ती म्हणाली हे अगदी खरं, मला कोणी कधी नाही म्हटलंच नाही.

अजून एक विचारतो. सगळीकडे शिफारसच का असते? लोकायुक्तांनी चौकशी केली, चूक सापडली, तर ते सांगतील ते सरकारला बंधनकारक करून टाकलं तर हा विषयच संपला ना?


अर्धवेळ_प्राध्यापक:

मी थोडं विरुद्ध बोलतो. मला बंधनकारक करणं धोक्याचं वाटतं. ओंबड्समन ही कल्पना स्वीडनची, १८०९ ची. त्यात ताकद कुठून आली, तर तो सरकारचा नव्हे, संसदेचा माणूस आहे आणि त्याचा रिपोर्ट लोकप्रतिनिधींसमोर जाहीरपणे येतो. त्याला कोर्टासारखे अधिकार दिले की मग त्याच्यापुढे पण वकील लागणार, तारखा पडणार, स्टे येणार. म्हणजे तुझ्या आईसाठी अजून एक बाक तयार होणार बसायला. साधेपणा आणि फुकट तक्रार हा जो फायदा आहे तोच जाईल. शिवाय न निवडून आलेल्या एका व्यक्तीने मंत्रिमंडळाला हुकूम द्यायचा, आणि उद्या तीच व्यक्ती चुकली तर?

भारतात पण मूळ विचार असाच होता. १९६६ मध्ये पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल-लोकायुक्त सुचवले ते नागरिकांच्या गाऱ्हाण्यांसाठी. नंतर सगळा भर भ्रष्टाचारावर गेला, लोकपाल कायदा यायला २०१३ उजाडलं आणि पहिले लोकपाल बसायला २०१९. साध्या माणसाचं साधं गाऱ्हाणं मागेच राहिलं.


सांग्याची_लेक:

सर, तुमच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. पण बंधनकारक म्हणजे दुसरं कोर्टच होतं असं नाही. दक्षिण आफ्रिकेचं बघा.

तिथे पब्लिक प्रोटेक्टर (तिथला ओंबड्समन) घटनेच्या नवव्या प्रकरणात आहे, लोकशाहीला आधार देणाऱ्या संस्था म्हणून. थुली मॅडोनसेला त्या पदावर असताना राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्या एनकांडला इथल्या खाजगी घरावर सिक्युरिटीच्या नावाखाली सरकारी पैसा खर्च झाला होता, त्याची चौकशी केली. स्विमिंग पूल, गुरांचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं, पाहुण्यांसाठी बांधलेली जागा, हे सगळं सिक्युरिटीत. मार्च २०१४ मध्ये रिपोर्ट आला की सिक्युरिटीशी संबंध नसलेल्या कामांच्या खर्चातला वाजवी हिस्सा परत भरा. राष्ट्राध्यक्षांनी भरला नाही, संसदेने आपली वेगळी कमिटी बसवून रिपोर्ट बाजूला सारला. शेवटी ३१ मार्च २०१६ ला घटना न्यायालयाने सांगितलं की पब्लिक प्रोटेक्टरने सांगितलेली उपाययोजना कोर्टाने रद्द करेपर्यंत पाळायलाच हवी. तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही कोर्टात जा, नुसतं दुर्लक्ष करता येणार नाही. मग ७८ लाख रँड भरावे लागले.

सर इथे फरक बघा. ओंबड्समनची पद्धत साधीच राहिली, तक्रार फुकटच राहिली, आणि चूक झाली तर दुरुस्त करायला कोर्ट आहेच. फक्त कोर्टाची पायरी कोणी चढायची ते उलटं झालं. आज आपल्याकडे लोकायुक्तांचा रिपोर्ट सरकारने मानला नाही तर नागरिकाने हायकोर्टात जायचं, स्वतःच्या खर्चाने. तिथे ज्याला रिपोर्ट मान्य नाही त्या सरकारने जायचं. सरकारकडे अॅडव्होकेट जनरल आहे, पैसे आहेत, जाऊ दे ना त्यांना! आपण जे मागायचं ते एवढंच, आणि हे मागणं अवास्तव आहे असं मला अजिबात वाटत नाही.


अर्धवेळ_प्राध्यापक:

कोर्टात जायचं ओझं सरकारवर, हा मुद्दा मान्य. याला माझा विरोध नाही. एवढंच सांगतो की आफ्रिकेत ते घटनेत लिहिलेलं आहे, आपल्याकडे लोकायुक्त साध्या कायद्याने आलाय आणि साध्या कायद्याने बदलतो. गोव्यात २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून पात्रता खाली आणली की नाही, आधी सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती किंवा हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश लागायचे, आता हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश चालतात. नेमणुकीवरून गुजरातमध्ये किती वर्षं भांडण चाललं, २०११ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या न्यायमूर्ती मेहतांच्या विरुद्ध राज्य सरकार थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, जानेवारी २०१३ मध्ये कोर्टाने नेमणूक कायम केली, आणि मग मेहतांनीच पद नको म्हणून कळवलं. घटनेत जागा नसलेल्या संस्थेची अशी ओढाताण होतेच.


डिचोली_वकील:

चर्चा चांगली चाललीय पण मूळ प्रश्नकर्त्यासाठी दोन गोष्टी राहिल्या.

ओंबड्समन म्हणून शोधलं की नेटवर बँकेचा आणि विजेचा पण येतो. रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना बँकेच्या तक्रारींसाठी, विद्युत लोकपाल वीज बिल आणि कनेक्शनसाठी. ते त्या-त्या विषयात चांगले उपयोगी आहेत पण मामलेदाराच्या केसशी त्यांचा संबंध नाही, तिकडे अर्ज घालून वेळ घालवू नका.

घटनेतल्या हक्कांच्या सगळ्यात जवळ जाणारी संस्था आपल्याकडे म्हणजे मानवी हक्क आयोग. १९९३ च्या कायद्यात मानवी हक्कांची व्याख्याच अशी आहे की घटनेने हमी दिलेले जीवन, स्वातंत्र्य, समानता आणि प्रतिष्ठा यांचे हक्क. गोव्याचा राज्य आयोग पणजीला आहे, वकील लागत नाही. पण एक अट नीट बघा, प्रकार घडून एक वर्ष उलटून गेलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. म्हणून तुमची जुनी केस त्यांच्यापुढे मांडू नका. गेल्या पावसात वासे पडले, पंचायतीने दुरुस्तीच्या परवानगीवर निर्णय दिला नाही आणि म्हातारी बाई ताडपत्रीखाली राहते, हे ताजं आहे. तेवढंच मांडा, फोटो लावा, पंचायतीच्या इनवर्डची झेरॉक्स लावा. त्यांची पण शिफारसच असते, पण कारकून काकांनी वर सांगितलं तसं, पत्र गेलं की फाइल उघडते.


निवृत्त_कारकून_फोंडा:

वकीलसाहेब, त्याला रोजनाम्याचं पण सांगा.

नाहीतर मीच सांगतो. बाबा रे, तुझ्या आईच्या केसचा रोजनामा असतो, प्रत्येक तारखेला काय झालं ते त्यात एका ओळीत लिहिलेलं असतं, पार्टी हजर, वकील गैरहजर, साहेब ड्युटीवर, पुढची तारीख अमुक. पूर्ण रोजनाम्याची सर्टिफाइड कॉपी माग. आई पार्टी आहे त्यामुळे तिला मिळतेच, आणि टाळाटाळ केली तर माहिती हक्काखाली अर्ज कर, त्यात कॉपीच नाही तर फाइल प्रत्यक्ष बघण्याचा पण हक्क आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गोव्यात तर माहिती हक्काचा कायदा १९९७ मध्येच आला होता, देशाचा यायच्या आठ वर्षं आधी, आपल्या लोकांनी त्याच्यासाठी आवाज उठवला होता हे विसरू नका.

हायकोर्टात जा, आयोगाकडे जा की उद्या लोकायुक्तांकडे जा, तिन्हीकडे हा एक कागद तुझ्यासाठी बोलेल. पानामागून पान तारखाच तारखा, आणि त्यातल्या किती तारखा तुझ्या आईमुळे लांबल्या आणि किती ऑफिसमुळे ते पेन्सिलने बाजूला खूण करून काढ. कोर्टापुढे भाषणापेक्षा ते दिसलं पाहिजे.


तेरेखोलकाठ:

काका, रोजनामा हा शब्द आमच्या वकिलाने कधी काढलाच नाही. सोमवारी मी स्वतः आईबरोबर जातो कॉपीचा अर्ज घेऊन. पंचायतीत पण लेखी अर्ज परत घालतो, इनवर्ड नंबरसकट. विधी सेवाकडे अर्ज पेडण्यातूनच होतो का पणजीला जावं लागतं?


डिचोली_वकील:

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे आधी विचारा. हायकोर्टाच्या कामासाठी वेगळी समिती आहे, पण अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तर ते पुढे पाठवतात, त्याची काळजी नको. जाताना आईचं आधार, केस नंबर आणि शेवटच्या नोटिशीची कॉपी घेऊन जा. रोजनामा हातात आला की इथे लिहा, नावं झाकून तारखा टाका, बघून सांगतो अर्ज कसा मांडायचा ते.


सांग्याची_लेक:

आणि ताडपत्रीच्या दोऱ्या आत्ताच बदलून घे भाऊ, गेल्या वर्षीच्या उन्हात कुजल्या असतील. परवानगी येईल तेव्हा येईल, पाऊस थांबणार नाही.